सेट नसलेली क्लिओपात्रा

प्रिय मुग्धा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सेट नाही, कपडे नाहीत, तलवारी नाहीत, गायक नुसते उभे राहून गाणार, मग त्याला ऑपेरा कशाला म्हणायचं, गाण्याचा कार्यक्रम म्हणा की सरळ, असं म्हणालीस. याचं उत्तर दोन ओळीत टाइप होणार नाही म्हणून हे पत्र, चहा घेऊनच बस.

गेल्या आठवड्यात इथे हॅम्बुर्गला एल्बफिलहार्मोनी नावाच्या हॉलमध्ये संगीतकार हँडेलचा 'ज्युलिओ चेझारे' हा ऑपेरा ऐकला, कॉन्सर्ट स्वरूपात, म्हणजे अभिनय-सेट नाही, नुसतं गाणं, इंटरव्हल धरून जवळजवळ चार तास. म्हणजे आपला ज्युलियस सीझर, आपला रोमन प्रतिस्पर्धी पॉम्पी याचा पाठलाग करत इजिप्तमध्ये पोचलेला, तिथे क्लिओपात्रा आणि तिचा भाऊ टॉलेमी यांची गादीवरून भांडणं चाललेली, आणि टॉलेमीने मारवलेल्या पॉम्पीची बायको कॉर्नेलिया आणि मुलगा सेस्तो सूड घ्यायला निघालेले. लंडनला 1724 च्या फेब्रुवारीत पहिला प्रयोग झाला, सीझर होता सेनेसिनो नावाचा कास्त्रातो, म्हणजे लहानपणी खच्ची करून मुलाचा उंच आवाज टिकवलेला गायक, क्लिओपात्रा फ्रान्चेस्का कुझोनी. आता कास्त्रातो नाहीत, त्यामुळे सीझर एकतर काउंटरटेनर, म्हणजे बाईच्या पट्टीत गाणारा पुरुष, गातो नाहीतर बाई गाते, आमच्याकडे काउंटरटेनर होता आणि सेस्तो बाईने गायला. सेस्तो तर पहिल्या प्रयोगातसुद्धा बाईच गायली होती. तुला यात काही विचित्र वाटणार नाही, बालगंधर्वांची सिंधू आणि भामिनी ऐकत वाढलेल्या माणसाला आवाज कुणाचा आणि भूमिका कुणाची याची अडचण होत नाही.

आणि हे हॅम्बुर्गमध्ये ऐकणं ही गोष्टच वेगळी गं. हँडेल इथे 1703 साली आला, अठरा वर्षांचा, गेन्झमार्क्ट चौकातल्या ऑपेरा हाउसमध्ये आधी व्हायोलिन आणि मग हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, वाजवायला. तिथला गायक-संगीतकार योहान माटेझोन त्याचा जिवलग दोस्त. 1704 च्या डिसेंबरमध्ये माटेझोनच्याच ऑपेराचा प्रयोग चालू होता, आणि तो ऑपेरा कुठला तर 'क्लिओपात्रा'! माटेझोन स्वतः क्लिओपात्राचा प्रियकर अँटनी गायचा, अँटनी मेला की खाली वाद्यवृंदात येऊन हार्पसिकॉर्ड हातात घ्यायचा. त्या दिवशी हँडेल जागेवरून उठेना. भांडण इतकं वाढलं की दोघं थिएटरबाहेर चौकात तलवारी काढून उभे राहिले, आणि माटेझोनने नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की त्याची तलवार हँडेलच्या कोटाच्या मोठ्या धातूच्या बटणावर आपटून मोडली, नाहीतर संपलंच होतं. महिना संपायच्या आत समेट झाला, एकत्र जेवले आणि हँडेलच्या पहिल्या ऑपेराच्या, 'अल्मिरा'च्या तालमीला सोबत गेले. विचार कर, ते बटण नसतं तर वीस वर्षांनंतरची ही क्लिओपात्रा लिहिलीच गेली नसती. ते थिएटर 1738 ला बंद पडलं, आता काहीही उरलं नाहीये, पण मी त्या चौकातून जाते तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता हॉल. 2017 च्या जानेवारीत उघडला. बंदरात एल्ब नदीच्या काठावर विटांचं जुनं गोदाम आहे, त्यात कोको, चहा, तंबाखू साठवायचे, त्याच्या डोक्यावर काचेची उंचच्या उंच इमारत चढवलीय आणि तिच्या पोटात साधारण 2100 खुर्च्यांचा हॉल. स्टेज मधे आणि लोक सगळ्या बाजूंनी, कंडक्टरपासून कुणीही 30 मीटरपेक्षा लांब बसत नाही. भिंती आणि छताला सगळीकडे खाचा, यासुहिसा तोयोता नावाच्या जपानी ध्वनितज्ज्ञाचं काम, सुमारे 10,000 पॅनेल्स आणि प्रत्येकावरचं कोरीवकाम वेगळं, आवाज एका ठिकाणी न आपटता पसरावा म्हणून. (तू आलीस की स्टेजसमोरची तिकिटं काढू, गाणारा ज्या बाजूला तोंड करतो त्या बाजूलाच आवाज जास्त जातो, मागे बसलं तर वाद्यं छान पण शब्द कमी.)

एवढं सांगायचं कारण थिओर्बो. लांबलचक मानेचं, जवळजवळ माणसाएवढं, ल्यूटसारखं तारांचं जुनं वाद्य, आवाज इतका नाजूक की मोठ्या ऑपेरा हाउसमध्ये स्टेजपुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यात बसवलं तर बऱ्याचदा दिसतं पण ऐकू येत नाही. इथे एकेक तार ऐकू येत होती. त्या काळच्या स्वरलिपीत या साथीसाठी फक्त खालचा बास, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांची ओळ, लिहिलेला असतो आणि त्यावर आकडे, बाकीचं हार्पसिकॉर्ड आणि थिओर्बोवाल्यांनी तिथल्या तिथे भरायचं, गायकाकडे बघत, त्याचा श्वास बघत. तुझा हार्मोनियमवाला हे काम एका मिनिटात ओळखेल. तारा आतड्याच्या, त्यामुळे मधून मधून जुळवणं चालूच, आणि पट्टी आजच्यापेक्षा अर्ध्या स्वराने खाली, म्हणजे हार्मोनियमवरची आपली पांढरी सहा तिथे काळी चारवर.

आता तुझा मूळ प्रश्न. यातल्या बहुतेक सगळ्या गाण्यांची रचना एकच. पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा छोटा दुसरा भाग, मग पहिला परत अख्खा, पण परत गाताना गायकाने स्वतःच्या जागा घ्यायच्या. नाटक करून दाखवणारे दिग्दर्शक या तिसऱ्या भागाला घाबरतात असं माझं ठाम मत झालंय, कारण शब्द तेच, गोष्ट पुढे सरकत नाही, मग ते मागून कुणालातरी चालवतात, खुर्च्या हलवतात, दिवे बदलतात. सेट काढून टाकला की लपायला जागाच उरत नाही. माणूस तीच ओळ परत का म्हणतोय, हे गळ्यातूनच कळायला हवं.

सीझरचं 'वा ताचितो' हे गाणं घे. टॉलेमीवर संशय आलाय आणि तो म्हणतो की हुशार शिकारी आवाज न करता दबकत जातो. सोबत एकटा हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, कळा नसलेला जुना, सगळे स्वर ओठांनीच काढायचे. वादक उठून गायकाच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि परत येणाऱ्या भागात दोघं एकमेकांना जोखत गायले-वाजवले, एकाने जागा घेतली की दुसऱ्याने तिला उत्तर दिलं. त्यात टॉलेमी तिथेच चार पावलांवर खुर्चीत बसलेला. मुकुट-बिकुट काही लागलं नाही.

काही गोष्टी गेल्या, हेही खरं. पॉम्पीचं कापलेलं डोकं सीझरपुढे आणतात तो प्रसंग हातात काहीच नसताना फिका पडतो, आणि दुसऱ्या अंकात कोण कुणाला फसवतंय हे आधी वाचून गेलं नाही तर धागा सुटतो. पण पहिल्या अंकाच्या शेवटी कॉर्नेलिया आणि सेस्तोला वेगळं करतात, आई-मुलाचं युगुलगीत आहे, दोघी फक्त एकमेकींकडे बघत गायल्या आणि माझ्या शेजारचे आजोबा रुमाल शोधायला लागले.

आणि मग 'पियांजेरो', क्लिओपात्राचं गाणं. क्लिओपात्राला भावाने कैद केलंय, सीझर मेला असं तिला वाटतंय. ती म्हणते, जिवात जीव आहे तोवर नशिबाला रडेन. एकदम संथ, सोबत बासरी आणि व्हायोलिन्स. मग अचानक दुसरा भाग, द्रुत, संतापलेला, की मेल्यावर भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळेन. आणि मग परत तेच, रडेन. नुसतं वाचलं तर वाटेल मागे का आली. पण इतका राग बाहेर काढून झाल्यावर तेच रडणं तेच राहतं का? सगळी संध्याकाळ ती भरभरून जागा घेत होती, इथे परत येताना तिने जवळजवळ काहीच घातलं नाही, उलट एका ठिकाणी लिहिलेला स्वरसुद्धा इतका हळू लावला की 2100 माणसांमध्ये कुणी हललं नाही. माझ्यासाठी तो सबंध ऑपेरा तिथे होता.

आता तुला एक काम. 'पियांजेरो'ची दोन-तीन वेगवेगळ्या गायिकांची रेकॉर्डिंग्ज ऐक, यूट्यूबवर भरपूर आहेत, आणि फक्त तो परत येणारा भाग नीट ऐक, कोण किती भरतंय, कोण मोकळं सोडतंय. मग तू सांग, पद संपवताना धृपदावर परत येतेस तेव्हा तू हे कसं ठरवतेस, आधीच की तिथल्या तिथे? मी रविवारी फोन करते, तोवर ऐकून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझीच,
रेवती