टोरोंटोच्या नातीचा रिपोर्ट

नाशिक, रविवार

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या नातीचा रिपोर्ट वाचला. तिला सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार आहे. वहिनी रात्र-रात्र नेटवर त्याबद्दल शोधत असतील तर त्यांना थांबव. तिथलं बरंचसं जुनं आहे.

तिला आईकडून आणि वडिलांकडून एकेक सदोष जनुक आलंय. एकातल्या बिघाडाचं नाव एफ५०८डेल, दुसऱ्यातल्याचं जी५४२एक्स. एफ५०८डेलमध्ये प्रोटीन बनतं, पण त्याची घडी चुकते आणि पेशी ते आतच मोडीत काढते. जी५४२एक्समध्ये ते अर्ध्यावरच तुटतं. मग पेशीतून क्लोराइडची (मिठातल्या क्षाराची) आणि पाण्याची ये-जा बिघडते, छातीत कफ चिकटतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात.

हे जनुक १९८९ मध्ये सापडलं ते त्यांच्याच टोरोंटोत, सिक किड्स रुग्णालयात. शोधणाऱ्यांपैकी लॅप-ची त्सुई आणि जॉन रिऑर्डन तिथले, फ्रान्सिस कॉलिन्स मिशिगनचे. जनुक हाती आलं म्हणजे नवं जनुक घालून रोग बरा करू, असं सगळ्यांना वाटलं. पण ज्या कफाने रोगी बेजार, तोच कफ औषधाला पेशीपर्यंत जाऊ देईना! कामाला आल्या त्या साध्या गोळ्या. २०१२ मध्ये आयवाकाफ्टर आलं, पण ते मोजक्याच रुग्णांना लागू पडायचं. २०१९ मध्ये ट्रायकाफ्टा आलं. त्यातली दोन औषधं घडी सुधारतात, तिसरं क्लोराइडची वाट उघडी ठेवतं. एफ५०८डेलची एक प्रत असली तरी पुरते, म्हणजे आपल्या चिमुरडीला ते चालेल. सध्या दोन वर्षांपुढच्या मुलांना देतात. तोवर दुधाबरोबर पचनाचं एन्झाइम, थोडं जास्तीचं मीठ, रोज छातीची फिजिओथेरपी. इथून बाळगुटी मात्र पाठवू नका.

माझं लक्ष आता उरलेल्यांकडे आहे. दोन्ही जनुकं जी५४२एक्ससारखी असली की प्रोटीनच नसतं, गोळी सुधारणार काय? त्यांच्यासाठी नेब्युलायझरने एमआरएनए (प्रोटीन कसं बनवायचं हे पेशीला सांगणारा निरोप) देण्याच्या चाचण्या चालल्या आहेत, जनुकातलं नेमकं अक्षर दुरुस्त करायचं कामही प्रयोगशाळेत सुरू आहे. पण एमआरएनए पेशीत फार काळ टिकत नाही, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा द्यावं लागणार. मला घाई दिसत नाही, आशा दिसते.

आपल्याकडची रड वेगळीच. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या किडकिडीत पोराला टीबीची औषधं सुरू होतात, घामाची तपासणी (या रोगात घाम जास्त खारट असतो) कोणाला सुचत नाही. एफ५०८डेलचं प्रमाणही भारतीय रुग्णांत युरोपियनांपेक्षा कमी. आणि गोळ्यांची अमेरिकेतली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर! अर्जेंटिनात स्वस्त पर्याय बनतो. आपल्या औषध कंपन्यांना हे जमणार नाही असं थोडंच आहे?

एक राहिलं. तुझ्या धाकट्याचं लग्न ठरतंय म्हणालास. नातीला तुमच्या घराण्याकडून आलेलं जनुक तुम्हा दोघांपैकी एकाकडून आलं असणार, म्हणून त्याच्याकडेही हे जनुक असण्याची शक्यता निम्मी आहे. रक्त तपासून घे. मुलीकडच्यांना सांगायची वेळ आली तर मला फोन लाव, मी बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
अविनाश