मुदतीची सूचना नेमकी कोणाला?

महोदय,

करसल्लागारांच्या कार्यालयांत वहीऐवजी ट्रेलोसारखे (प्रत्येक काम एका कार्डावर मांडणारे) ऑनलाइन फलक आले, हे चांगलेच. मात्र त्यातली स्वयंचलित आठवण बहुधा अर्धवटच लावलेली असते. दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची (विक्रीचा तपशील) शेवटची तारीख 11, जीएसटीआर-3बी ची (कराचा गोषवारा) 20. कार्डावर हीच 20 तारीख टाकली, तर आदल्या दिवशी आलेल्या सूचनेचा उपयोग काय? अशिलाची खरेदीची बिलेच तोवर आलेली नसतात. त्यामुळे कार्डाची मुदत 16 ठेवावी आणि 20 ही तारीख शीर्षकात लिहावी. ऑटोमेशनमध्ये नियम तीन: चार दिवस आधी बिले मागण्याची सूचना, एक दिवस आधी काम करणाऱ्याला (जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून आपोआप बनणारे खरेदीचे विवरण, 14 तारखेला तयार होते, म्हणून 15 ला बिलांशी मेळ घालता येतो) आणि मुदत उलटल्यावर फक्त वरिष्ठाला. सगळ्यांना रोज सूचना पाठवल्या, की त्या कोणी उघडतही नाही.

दरमहा नियमाने तयार होणाऱ्या नव्या कार्डाला सदस्य जोडायचा राहून जातो. मग सूचना जाते कोणालाच नाही. ती जोडणीही त्याच नियमात घालावी. गूगल शीटवरून ईमेल धाडणाऱ्यांनी स्क्रिप्टचा (शीटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) टाइमझोन पाहावा, तो शीटहून वेगळा असू शकतो. साध्या जीमेल खात्याला अशा स्क्रिप्टमधून दिवसाला 100 च पत्त्यांची मर्यादा आहे. सरकारने मुदत वाढवली, तर शीर्षकातली तारीख मात्र हातानेच बदलावी लागते.

– एक करसल्लागार, नाशिक