सोमवारी सही करू नकोस

केज, जि. बीड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. काल वहिनींचा फोन आला होता. तुझ्या धारूरकडच्या माळावर खडीक्रशरवाला येऊन गेला आणि सोमवारी बाँडवर सही करायचं ठरलंय म्हणे. फोनवर तू ‘हो हो’ म्हणशील आणि विसरून जाशील, म्हणून लिहून पाठवतोय.

आमचा माळ तुझ्या पायाखालचा आहे. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. बालाघाटचा काळा पाषाण, हातभर खोदलं की कुदळ खणखणायची. ठेकेदार घरी आला तेव्हा अण्णांना वाटलं, दगडाचं सोनं झालं. दोन एकरांचा दहा वर्षांचा करार झाला. बाँड पेपर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, पण रजिस्टर केला नाही. ताईच्या लग्नाचं कर्ज त्याच पैशातून फिटलं, ते मी नाकारत नाही.

पाचव्या वर्षी पोकलेन हद्द ओलांडून चिंचेपर्यंत आलं. आम्ही करार घेऊन कोर्टात गेलो, तर त्याच्या वकिलांनी त्या करारावरच हरकत घेतली. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर केलेला असलाच पाहिजे, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०७ सांगतं. तसा रजिस्टर केलेला नसेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ४९ मुळे त्यातल्या अटी पुराव्यात वाचता येत नाहीत. आमचे वकील म्हणाले, हा भाडेपट्टा नव्हेच, नुसती दगड नेण्याची परवानगी आहे. त्यावर समोरून तारकेश्वर खटल्याचा १९७९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. खनिज काढून नेलं तरी तो जमिनीच्या उपभोगाचाच हक्क, म्हणून भाडेपट्टाच. आमची चतुःसीमा त्याच कागदावर लिहिलेली होती रे. जो कागद त्यानंच टाइप करून आणला होता, त्याच्याच उणिवेच्या जोरावर तो आता म्हणतो, हद्द कुठं ठरली होती ते सिद्ध करा. आता कोर्ट कमिशनर आणि मोजणी, त्यातच दोन वर्षं गेली.

जागा सोडण्याची नोटीस आम्ही वेळेवर दिली होती. नोटिशीची मुदत संपल्यावर मी औरंगाबादला दवाखान्यात होतो, तेव्हा ठेकेदाराचा मुनीम घरी येऊन आईच्या हातात सहा महिन्यांचं भाडं ठेवून गेला. आईनं मोजून घेतलं, पावतीवर अंगठा दिला. मुदतीनंतरचं भाडं घेतलं म्हणजे नोटीस सोडून दिली, असं कलम ११३ चा आधार घेऊन ते आता म्हणतात. आई अजून स्वतःला दोष देते. तिला समजावता समजावता माझाच आवाज बसतो.

सगळ्यात जास्त भीती मात्र तहसीलच्या कागदाची वाटली. कलेक्टर ऑफिसचा खाणपट्टा, म्हणजे दगड काढायची सरकारी मंजुरी, ठेकेदाराच्या नावानं, पण सातबारा अण्णांच्या नावानं. खड्डा मशीननं मोजला. शंभर फूट लांब, शंभर फूट रुंद, वीस फूट खोल म्हणजे दोन लाख घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २,००० ब्रास. दगड वाहून नेण्याचे सरकारी पास निघालेले ९०० ब्रासचे. उरलेल्या ११०० ब्रासबद्दल जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली, बाजारभावाच्या पाचपट दंडाची नोटीस अण्णांनाच आली. अपील चालू आहे. अण्णा रात्री उठून सातबारा काढून इतर हक्काचा रकाना बघतात, बोजा चढला का म्हणून.

पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचतं. शेजारच्यांच्या दोन शेळ्या गेल्या वर्षी त्यात बुडाल्या. ठेकेदारानं कुंपण घातलं नाही, आईनंच बाभळीचे काटे रचले.

तू जमीन देऊच नकोस असं मी म्हणत नाही. घरची ओढाताण मला माहीत आहे. पण करार दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर कर, खर्च क्रशरवाल्याकडून घे. आधी सरकारी मोजणी करून खुणा रोव आणि नकाशा कराराला जोड. खोली फुटात लिही. प्रत्येक पासची झेरॉक्स महिन्याच्या महिन्याला तुझ्या हातात आली पाहिजे. दंड निघाला तर तो भरेल आणि खड्ड्याला कुंपण घालेल, हेही शब्दांत लिही आणि त्यासाठी अनामत रक्कम ठेवून घे. भाडं फक्त बँकेत. घरात कुणाच्या हातात रोख नको, वहिनींनाही सांगून ठेव.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतोय. आमच्या दाव्याची नक्कल सोबत आणतो. सातबारा, आठ-अ आणि मोजणीचा जुना नकाशा काढून ठेव. सोमवारी त्याला सांग, भाऊ येणार आहे, त्याच्याशी बोलून मग बघू.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच