आमच्या सीआरला, तासगावहून

प्रिय सीआर,

नुकत्याच झालेल्या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बॅचच्या ग्रुपवर तुझा निरोप आला, की आता सगळ्यांच्या नावापत्त्यांची वही पुढच्या दोघांकडे देतेय. त्याखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली, त्यात माझंही एक होतं. पण तेवढ्यावर माझं भागणार नव्हतं. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तू काय काय केलंस हे आपल्या वर्गातल्याही पुष्कळांना पुरतं माहीत नाही, आणि उद्या कुणाला आपापल्या बॅचचं असं काम अंगावर घ्यायचं असेल तर त्यांनाही ते कळलं पाहिजे.

आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज, बी.एस्सी. केमिस्ट्री, १९९४ ची बॅच. तू वर्गाची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी. प्रॅक्टिकलचे गट लावायचे, जर्नलं गोळा करून सह्यांना न्यायची, परीक्षेचे फॉर्म मुदतीत भरायला लावायचे, हे तेव्हा तुझं काम. निकाल लागले, कोल्हापूरहून शिवाजी विद्यापीठाच्या पदव्या आल्या आणि सगळे पांगले. कुणी पुण्याला कंपनीत, कुणी शाळेवर, कुणी परदेशात, माझ्यासारखे तासगाव-कवठेमहांकाळकडचे द्राक्षबागेत. तुला सगळे सीआर म्हणतात ते मात्र तसंच राहिलं.

२०१९ साली कॉलेजला १०० वर्षं होत होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सुरू केलेलं कॉलेज ते. त्याच वर्षी आपल्याला बाहेर पडून २५ वर्षं. एकत्र यायचं असं सगळेच म्हणत होते, पण यादी कुणाकडेच नव्हती. तू फुलस्केपची जाड पुठ्ठ्याची वही घेतलीस आणि पहिल्या पानावर आठवतील तशी नावं लिहिलीस. मुलांची नावं लवकर लागली. मुलगा गाव सोडतो, नाव सोडत नाही. गावातल्या किराणा दुकानात विचारलं तरी पत्ता लागतो. अडलं ते मुलींपाशी. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, कित्येकींचं तर नावही बदलतं. फेसबुकवर कितीही शोधा, माहेरच्या नावाची बाई सापडत नाही.

तुझ्या वहीत म्हणून दोन रकाने होते, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. पहिला भरलेला, दुसरा कोरा. तो भरायला तू माहेरच्या गल्ल्या धरल्यास. गावभाग, खणभाग, मिरजेतली ब्राह्मणपुरी. हरभट रोडवर आपल्या वर्गातल्या एकीच्या भावाचं कापडाचं दुकान आहे, तिथे मी त्या दिवशी तुझ्याबरोबर होतो. भाऊ गल्ल्यावर बसलेला. बहिणीचा नंबर कशाला हवा म्हणून त्याने आपल्याकडे नीट निरखून पाहिलं. तू नंबर मागितलाच नाहीस. स्वतःचा नंबर चिठ्ठीवर लिहिलास, त्याखाली ‘विलिंग्डन, केमिस्ट्री, सीआर’ एवढंच, आणि म्हणालीस, "दादा, हे तिला द्या. तिला वाटलं तर ती करेल फोन, नाही वाटलं तरी काही हरकत नाही." भावाने चहा मागवला. त्याच रात्री तिचा फोन आला आणि तुम्ही तासभर बोललात, असं तू नंतर सांगितलंस.

ती चिठ्ठी मला फार मोठी वाटते. मुलींना मुलीच फोन करतील हा नियमही तुझाच. सासरी फोन दीर उचलतो की सासूबाई, पंचवीस वर्षांनी कुणा वर्गमित्राचा आवाज ऐकून त्या घरात काय विचारलं जाईल, याचा विचार आम्हा मुलांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. ज्यांनी ग्रुपवर यायला नको म्हटलं त्यांना तू दर दिवाळीला वेगळा निरोप पाठवत राहिलीस. त्यातल्या काही जणी आता स्वतःहून ग्रुपवर आहेत.

आपल्यातले जे गेले त्यांच्या घरी तू आधी जाऊन आलीस आणि मगच वहीत त्यांच्या नावापुढे तसं लिहिलंस. कुणाच्या जाण्याची बातमी फोनवर ऐकून तू नोंद केली नाहीस. त्यावर जास्त लिहीत नाही.

तारखेचं मात्र लिहायलाच हवं. पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले डिसेंबर म्हणत होते आणि त्यांचीच संख्या जास्त होती. तू हात वर करायला लावून निकाल दिला नाहीस. मला फोन करून विचारलंस, डिसेंबरात बागेत काय असतं? मी सांगितलं, ऑक्टोबर छाटणीचा माल तेव्हा मणी धरून फुगत असतो, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी म्हणजे जादा मणी काढणं, फवारण्या, बाग एक दिवसही सोडता येत नाही. जानेवारी ते मार्च तर काढणी आणि बेदाण्याची शेडं. एप्रिलची खरड छाटणी उरकली की मग माणूस जरा मोकळा. तू मे महिन्याची अखेर ठरवलीस आणि ग्रुपवर कारणासकट लिहिलंस: परदेशातल्यांना रजा काढता येते, बागेला रजा नसते. त्यांच्यातले बहुतेक आले. आम्ही तासगावकडचे सगळेच्या सगळे आलो. डिसेंबर ठरला असता तर आमच्यातलं कुणीही दिसलं नसतं आणि ‘शेतकरी मंडळी येतच नाहीत’ असा कायमचा शिक्का बसला असता.

त्या मेळाव्यातलं एकच सांगतो, कारण बाकीचं फोटोत आहे. तू लॅबमधल्या काकांना शोधून आणलं होतंस, काचसामान देणाऱ्या. सरांच्या शेजारी त्यांची खुर्ची होती. प्रत्येकाने पाया पडून नाव सांगायचं, आणि काका नावाऐवजी त्याने काय फोडलं ते सांगायचे: "तू ब्युरेट. तू दोन पिपेट. तुझं डिपॉझिट पूर्ण परत गेलेलं." ज्याचं डिपॉझिट पूर्ण परत गेलं होतं, म्हणजे ज्याने काहीच फोडलं नव्हतं, तो आज दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. मोठ्या पगाराच्या माणसांत आपण काय बोलायचं, म्हणून तो येणारच नव्हता, तू त्याला दोनदा घरी जाऊन आणलं होतंस. त्या दिवशी सगळ्या हॉलने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ओळख करून देताना पद, पगार, गाडी यातलं काही बोलायचं नाही, सध्या कशात मन रमतं तेवढंच सांगायचं, हे तू आधीच ठरवून दिलं होतंस. त्या एका अटीमुळे किती जण मोकळे झाले!

आणि मग ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेल्यांनीही ‘आपल्या घरापर्यंत येत नाही’ म्हणून सामान हलवलं नव्हतं. त्या दिवसांत तुझ्या वहीने काय केलं हे मी कधी विसरणार नाही. गावभागात कोण, खणभागात कोण, सांगलीवाडीत कोणाचे म्हातारे आईवडील एकटे आहेत, कोणाच्या घरी डायलिसिसचा पेशंट आहे, हे सगळं तुझ्याकडे लिहिलेलं होतं, कारण मेळाव्याआधीच्या फोनमध्ये तू ते विचारून ठेवलं होतंस. विश्रामबाग आणि मिरजेकडे ज्यांची घरं कोरडी होती त्यांच्याशी पाण्यातल्या प्रत्येक घराची तू जोडी लावलीस. ‘काही मदत लागली तर सांगा’ असं तू ग्रुपवर एकदाही लिहिलं नाहीस. थेट लिहायचीस, अमक्याकडे आज रात्री पाच माणसं येतील, गाद्या काढून ठेव. मला म्हणालीस, तासगावातून भाकरी आणि पाण्याचे बॉक्स, टेम्पो तू बघ. मी बघितला. पाणी उतरल्यावर चिखल काढायला, भिजलेल्या गुणपत्रिका वर्तमानपत्रांत घालून वाळवायला, ज्या वाळल्या नाहीत त्यांच्या दुबार प्रतींसाठी विद्यापीठाचे अर्ज भरायला तू परत वही घेऊन हजर. हा ग्रुप कशासाठी, असं त्यानंतर कुणी विचारलं नाही.

आता माझं. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस थांबेना. आगाप, म्हणजे लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यात होत्या. डावणी रोग आला, घडकूज झाली, माझी बाग हातची गेली. कर्ज होतंच. मी ग्रुप बघायचं बंद केलं. लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकत होते आणि मला ते वाचवत नव्हतं. तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं आता धीर देणार. तू बागेचं विचारलंस, मी सांगितलं, तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि मग म्हणालीस, "तासगाव, विटा, जत, आटपाडीकडची अजून बरीच नावं कोरी आहेत. ती तुझ्याकडे. मला त्या भागातलं काही कळत नाही." पुढच्या आठवड्यात वहीतली त्या नावांची पानं झेरॉक्स करून एसटीच्या पार्सलने पाठवलीस.

त्या पानांनी मला घराबाहेर काढलं. बाजारात, सौद्याला, लग्नाकार्यात, जिथे जाईन तिथे मी माणसं विचारत सुटलो. एक वर्गमित्र जतला सापडला, शेतीखात्यात. त्याने पंचनाम्याच्या कागदपत्रांत मला मदत केली. दुसरा एक औषधांच्या कंपनीत, त्याने पुढच्या हंगामाचं फवारणीचं वेळापत्रक माझ्याबरोबर बसून बांधलं. हे तू आधीच हेरलं होतंस की नाही, मी कधी विचारलं नाही. मी त्या दिवसांत कुणाला तरी लागत होतो, एवढं मला पुरलं. माझ्या बायकोने तुला भेटून सांगायचं ठरवलंय, पण तिच्या आधी मी लिहितोय.

कोरोनाच्या काळात सगळं फोनवरच चाललं. नंतर निधीचा विषय निघाला. जत, कवठेमहांकाळकडून येणाऱ्या मुलामुलींची परीक्षा फी आणि एसटीचा पास, बस्स, एवढाच. कॉलेजांना हल्ली नॅकच्या मूल्यांकनासाठी माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवावा लागतो, त्यामुळे मेळावे आणि मागण्या सगळीकडेच वाढल्यात. तू मात्र पैशाच्या बाबतीत जी शिस्त ठेवलीस ती मी कुठे पाहिली नाही. पैसे तुझ्या खात्यावर एक रुपयाही नाही, ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळण्याची मान्यता असलेल्या संस्थेत थेट, आणि ज्याची त्याला पावती. दोन हजारांवरची रोख रक्कम वजावटीला चालत नाही हे तू आधीच सांगितलंस. अमेरिकेतला मित्र मोठी रक्कम तुझ्या नावावर पाठवायला निघाला तेव्हा तू त्याला थांबवलंस. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याने ती परकीय देणगी. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि २०२० नंतर तर दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातंही. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करणाऱ्यांना हा अडसर नाही, हेही तू शोधून काढलंस आणि त्यांना नीट समजावलंस. पैसे देता येत नाहीत म्हणून तो मित्र हिरमुसला होता. तू त्याला दर पंधरवड्याला शेवटच्या वर्षाच्या मुलांशी व्हिडिओवर बोलायला बसवलंस. तो अजून बसतो.

कुणी किती दिले हे तू कधी जाहीर केलं नाहीस. एकूण जमा, एकूण खर्च आणि बिलांचे फोटो, बाकी काही नाही. शंभर रुपये देणारालाही आणि लाख देणारालाही तू तोच एक आभाराचा निरोप हाताने लिहून पाठवलास. त्या सगळ्या निरोपांना तुझे किती रविवार गेले असतील याचा हिशेब कुठल्या बिलात नाही. तुझी नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलीचं बारावीचं वर्ष, हे सगळं चालू असताना तू हे केलंस. तुझ्या घरच्यांनी ते चालवून घेतलं, त्यांचेही आभार. दाजींना सांग, पुराच्या वेळी त्यांनी रात्री दोनला उठून माझा टेम्पो रिकामा केला होता, ते माझ्या लक्षात आहे.

सीआर, मनापासून आभार. माझ्या घरातल्या सगळ्यांकडून आणि तासगाव, विटा, जत, आटपाडीच्या पानावरच्या प्रत्येकाकडून. यंदाचा बेदाणा शेडवरून उतरला की पहिली पेटी विश्रामबागला येईल, नको म्हणू नकोस.

वही घेतलेल्या दोघांना मी कालच फोन केला. आमच्याकडची पानं माझ्याकडेच राहू द्या म्हणून सांगितलं, त्यांनी हो म्हटलं. आणि हो, आटपाडीची ती, जिचा सासरचा रकाना तू शेवटपर्यंत कोरा ठेवला होतास, तिची धाकटी बहीण परवा विट्यात एका लग्नात भेटली. मी तुझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिलाय, खाली ‘विलिंग्डन, केमिस्ट्री, सीआर’ असंच. फोन आला तर उचल.

तुझा वर्गमित्र,
तासगाव, जिल्हा सांगली