मन्या, नॉबने तुला कुठे हरवलं

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

परवा तुझा मेसेज वाचला. 'सगळा नशिबाचा खेळ आहे, फोनवरून काढून टाकला.' उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत ते मावलं नसतं. आज सकाळपासून पाऊस लागलाय, आई कोथरूडला मावशीकडे गेलीय, घरात मी एकटाच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

कार्डं जमवत, शत्रूंशी लढत मनोरा चढायचा 'स्ले द स्पायर' हा व्हिडिओ गेम तुला मीच घ्यायला लावला होता, त्यामुळे तुझं म्हणणं जरा लागलंच. तीन वेळा ग्रेमलिन नॉब नावाच्या त्या शत्रूने मारलं म्हणतोस. खेळाच्या पहिल्या अंकातच, म्हणजे पहिल्या टप्प्यातच, त्याच्यापाशी अडकणारे पुष्कळ आहेत. पण तो काय करतो बघ. पहिल्या चालीत नुसता ओरडतो. त्यानंतर तू टाकलेल्या प्रत्येक स्किल कार्डामागे, म्हणजे बचावाच्या नाहीतर डावपेचाच्या कार्डामागे, त्याची ताकद २ने वाढते. 'डिफेंड' हे स्किल कार्ड आहे. म्हणजे ५ ब्लॉक (तेवढा मार अडवणारी ढाल) मिळवायला तू त्याचा प्रत्येक पुढचा फटका २ने जड करत होतास. हे लपवलेलं नाही, त्याच्याजवळच्या चिन्हावर बोट ठेवलं की वाचता येतं.

आणि माझ्या मते चूक त्या लढाईत झालीच नाही. तू लिहिलंयस की आधीच्या तीन लढायांनंतर तू दोन बचावाची कार्डं घेतलीस आणि एक 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून. तिथे तू हरलास. नॉबने फक्त ते उघड केलं.

हे समजायला मलाही बरेच महिने लागले. आयर्नक्लॅड या योद्ध्याचा डेक, म्हणजे गड्डी, १० कार्डांनी सुरू होतो: ५ स्ट्राइक, ४ डिफेंड, १ बॅश. दर चालीला ५ कार्डं हातात येतात, म्हणजे दोन चालींत सगळा डेक फिरून येतो. तोच ३० कार्डांचा झाला की तुझं सगळ्यात चांगलं कार्ड सहा चालींतून एकदा दिसणार. लढाईनंतर तीन कार्डं समोर येतात तेव्हा हात आपोआप पुढे जातो. तिथे 'काहीच नको' म्हणायचीही सोय आहे, पण फुकट मिळतंय ते सोडायला मन तयार होत नाही. उलट दुकानात कार्ड काढून टाकायला ७५ सोनं मोजावं लागतं, आणि दर वेळी भाव २५ने चढतो. नको असलेलं कार्ड पैसे देऊन घालवायचं, हे पटलं त्या दिवसापासून माझा खेळ बदलला.

नशीब की डोकं, यावरून इथे आमच्यात रोज वाद होतो. माझा मावसभाऊ तुझ्याच बाजूचा. 'करप्शन' हे कार्ड आणि 'डेड ब्रँच' ही वस्तू एकाच रनमध्ये, म्हणजे एकाच डावात, मिळाले तर जिंकतो, नाहीतर नाही, असं तो छातीठोक सांगतो. ती जोडी जबरदस्त आहे हे खरंच: स्किल कार्डं फुकट होतात, टाकली की जळतात, आणि प्रत्येक जळलेल्या कार्डामागे नवं कार्ड हातात येतं. पण ऑफिसातली एक मैत्रीण फक्त सायलेंट हे पात्रच घेऊन खेळते, तिने त्याला निरुत्तर केलं. ती म्हणाली, विसाव्या असेन्शनवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवरही काही जण एकामागोमाग एक रन जिंकत जातात, त्यांना काय देव वेगळी कार्डं वाटतो? मला हे शंभर टक्के पटतं.

तरी टीका करणाऱ्यांचं सगळंच मी खोडून काढणार नाही. २०२०च्या जानेवारीत आलेली वॉचर ही नायिका मला जास्तच बळकट वाटते. रागाच्या स्थितीत ती दुप्पट मारते (आणि दुप्पट खातेही), त्यामुळे विचार सुरू व्हायच्या आत लढाई संपते. शेवटचा बॉस असलेल्या हृदयाबद्दलही माझी तक्रार आहे. तिथे आपण टाकलेल्या प्रत्येक कार्डामागे आपल्यालाच मार बसतो. तीन अंक बारीक बारीक सुऱ्यांवर, म्हणजे एका चालीत पुष्कळ छोटी कार्डं टाकण्यावर, डेक बांधलेल्या माणसावर हा अन्याय आहे, आणि मैत्रिणीचं नि माझं यावर पूर्ण एकमत आहे.

मावसभाऊ हल्ली 'बालाट्रो'कडे वळलाय. २०२४मध्ये आलेला, एकाच माणसाने बनवलेला. पोकरचे हात जुळवायचे, जोकर जमवायचे आणि आकडे चढताना बघायचे. सुंदर आहे, पण समोर कोणी नसतं. मला समोर कोणीतरी लागतं.

का ते तुला ठाऊक आहे. तुमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याच्या गॅलरीत आपण मेंढीकोट खेळायचो. तू आजोबांचा भिडू. मध्येच ते विचारायचे, 'हुकूम किती गेले?' आणि आपण तिघं एकमेकांकडे बघायचो. त्यांना नेमका आकडा माहीत असायचा, आणि चारपैकी कुठली दश्शी अजून बाहेर आहे तेही. 'आजोबा, पानंच आली नाहीत' असं मी एकदा म्हणालो तर त्यांनी डाव थांबवला होता, आठवतंय? रागावले नाहीत. माझी तेराही पानं जमिनीवर उलगडली आणि कुठल्या हाताला मी काय टाकायला हवं होतं ते सांगत बसले, चहा गार होईपर्यंत.

स्पायरमध्ये गड्डीत उरलेली कार्डं उघडून बघता येतात. कुठली शिल्लक आहेत ते दिसतं, फक्त क्रम दिसत नाही. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला आजोबाच आठवले. ते गेल्यावर मी पत्त्यांचा कॅट फारसा हातात घेतलेला नाही. या खेळात मला ते परत भेटले असं वाटतं, आणि म्हणून त्यांच्याच भिडूने 'नशीब' म्हणावं याचं वाईट वाटलं.

गणपतीत येतोयस ना? मग एक करू. एकच सीड (खेळाचा मांडणी ठरवणारा कोड) टाकू, दोघांना तोच नकाशा, तेच बॉस. आयर्नक्लॅडच घ्यायचा. प्रत्येक लढाईनंतर तू काय घेतलंस आणि मी काय सोडलं ते कागदावर लिहू. लॅपटॉप घेऊन ये, माझ्याकडे एकच आहे. आणि काकूंना विचार, आजोबांचा तो जुना कॅट अजून कपाटात आहे का. असला तर तोही आण, चौकट दश्शीचा कोपरा दुमडलेला आहे बघ.

तुझा,
संज्या