पैसे भरायच्या आधी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितेय. मेडिकल असिस्टंटच्या कोर्सचे दहा हजार शनिवारपर्यंत भरले नाहीत तर सीट जाईल असं त्या इन्स्टिट्यूटच्या बाई म्हणाल्या ना? जाऊ दे सीट. ज्याच्या दुकानापुढं रांग लागलेली असते तो दिवसातून तीन-तीनदा फोन करून गिऱ्हाईक बोलवत नाही.

काल हॉस्पिटलात नाईट होती. दोन वाजता वॉर्ड शांत झाल्यावर सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्याच्यावर तुझा हिशोब मांडला. मेडिकल असिस्टंटच्या एक वर्षाच्या सर्टिफिकेटची फी 65 हजार. ड्रेस आणि पुस्तकं 4 हजार. परीक्षा फी साडेतीन हजार, ती वेगळी, हे त्यांनी तू विचारल्यावर सांगितलं. वन्संकडं राहिलीस तरी बसचं आणि वरखर्चाचं महिन्याला 3 हजार धर, म्हणजे वर्षाचे 36 हजार. झाले 1 लाख 8 हजार 500.

त्या बाई म्हणतात, पास झाल्यावर 11 हजार पगार. तू 11 हजार बघितलेस. मी म्हणते, कोर्स न करता इथं नव्या पेठेतल्या दुकानात किंवा एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर साडेआठ हजार मिळतात की. मग 65 हजार फी भरून तुझ्या हातात जास्तीचे किती आले? अडीच हजार. शिवाय शिकायच्या वर्षात साडेआठप्रमाणं 1 लाख 2 हजार मिळायचे राहिले, तेही खर्चातच. सगळे मिळून 2 लाख 10 हजार 500. त्याला अडीच हजारानं भागलं. चौऱ्याऐंशी महिने, गं. सात वर्षं! मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून सिस्टरच्या मोबाईलवर परत करून बघितलं.

आमच्याकडं अशाच कोर्सची एक मुलगी आहे. गुणी पोर. बीपी इतकं नीट घेते की डॉक्टर तिचाच आकडा धरतात. पण तिचा दिवस व्हीलचेअर ढकलण्यात, फायली लावण्यात आणि एक्स-रेला पेशंट नेण्यात जातो. मागं एकदा रात्री स्टाफ कमी होता, तर तिलाच इंजेक्शन द्यायला लावलं. पेशंटचा हात सुजला तेव्हा मात्र सकाळी सगळे म्हणाले, हिला कुणी सांगितलं होतं? पगारवाढ मागायला गेली तर विचारलं, काउन्सिलचा नंबर आहे का तुझ्याकडं? नव्हता. माझ्याशेजारी बसून डबा खाते ती. माझ्यापेक्षा दोन हजार जास्त मिळतात तिला, आणि माझ्यावर फीचं कर्ज नाही.

तो नंबर म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी. एएनएम, म्हणजे साहाय्यक नर्स आणि सुईणीचं शिक्षण, दोन वर्षांचं. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी, तीन वर्षांचं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. यातलं मान्यता असलेल्या ठिकाणाहून केलं तरच तो मिळतो. बी.एस्सी.ची सीईटी तू दिली नाहीस, ते आता उगाळत नाही. जीएनएमचा विचार कर. पुढं जमलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बी.एस्सी. होता येतं.

जीएनएमचाही हिशोब केलाय, फार गोड नाही. खाजगीत होस्टेल धरून तीन वर्षांचे तीन लाख, आणि बुडालेले पगार 3 लाख 6 हजार. आमच्याकडं नवीन सिस्टर 18 हजारावर लागली, म्हणजे साडेनऊ हजार जास्तीचे. तरी फिटायला पाच वर्षांच्या वर लागतात. पण ती सिस्टर उद्या दुसरीकडं गेली तर तिचा नंबर तिच्याबरोबर जातो, आणि सरकारी भरती निघाली तर तिला फॉर्म भरता येतो.

मेडिकल असिस्टंटच्या पगाराचा तो अमेरिकेचा व्हिडिओ मी आयसीयूच्या सिस्टरला दाखवला. ती म्हणाली, खोटं नाही. तिथं मेडिकल असिस्टंटचा मधला पगार वर्षाला 44,200 डॉलर आहे, मे 2024 चा त्यांच्या सरकारचा आकडा. पण त्याच यादीत नोंदणी असलेल्या नर्सचा 93,600 आहे. दुपटीच्या वर! आणि आपल्या गल्लीतल्या इन्स्टिट्यूटचा कागद तिथं कोण विचारणार?

काम आवडतंय का एवढंच बघायचं असेल तर सरकारच्या कौशल्य विकास योजनेत जनरल ड्युटी असिस्टंटचं, म्हणजे वॉर्डात पेशंटचं बघणाऱ्या मदतनिसाचं, काही महिन्यांचं शिक्षण फुकट असतं. त्याला माझी ना नाही. बेडपॅन उचलताना नाक मुरडतं का, ते आधी कळेल तरी.

पप्पा मला म्हणतात, पोरीचं मन मोडू नको, तुझ्या पाटल्या गहाण ठेवू. ठेवायच्याच तर नंबर मिळणार असेल तिथं ठेवीन.

शनिवारच्या हुतात्मानं ये, पप्पा स्टेशनवर थांबतील. बारावीची मार्कशीट आणि टीसी घेऊन ये, उत्पन्नाच्या दाखल्याला मी सेतूत अर्ज टाकलाय. सोमवारी माझी सुट्टी आहे, दोघी मिळून दोन-तीन नर्सिंग स्कूलं बघू. फी विचारायचं मी बघते. मागच्या वर्षीच्या मुली कुठं लागल्या ते तू विचार.

आणि वन्संकडं शेंगाचटणीचा डबा राहिलाय, तो आण. यावेळची चटणी तिखट झालीय, त्यांना चालते का विचार.

तुझी
आई
सोलापूर