पहिल्या घोटाआधी गिळण्याची तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्धांगवायूचा झटका आलेल्या रुग्णाचा हात उचलतो का, पाय टेकतो का, याची चौकशी सगळेच करतात. त्याला नीट गिळता येते का, हा प्रश्न मात्र बहुधा ठसका लागल्यावरच निघतो. अशा रुग्णांच्या गिळण्यावर उपचार करणे हेच माझे काम असल्याने हे पत्र लिहीत आहे.

चावणे बरेचसे आपल्या इच्छेवर चालते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जबडा हलवते, सातवी गाल आवळते, बारावी जीभ फिरवते. पण जिभेने घास मागे ढकलला की पुढचा कारभार लंबमज्जेकडे, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागाकडे, जातो आणि आपोआप चालतो. जेमतेम एका सेकंदात मऊ टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात, श्वासमार्गावरची झडप कलते आणि अन्ननलिकेचे एरवी आवळलेले तोंड सैल पडून उघडते. हा क्रम किंचित चुकला तरी घास भलत्या वाटेला लागतो.

म्हणूनच 'जेवण जात नाही, निदान पाणी तरी पाजू' हा मायेपोटी केलेला विचार घातक ठरतो. पातळ पाणी घशात इतक्या वेगाने उतरते की मंदावलेल्या स्नायूंना श्वासमार्ग मिटायला अवधीच मिळत नाही. त्यात रुग्ण आडवा असेल किंवा त्याची मान मागे टाकलेली असेल, तर धोका आणखी वाढतो. त्याहून वाईट म्हणजे घशाची संवेदना बधिर झाली असल्यास पाणी श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही. घरच्यांना सारे सुरळीत वाटते आणि पुढे न्यूमोनिया होतो. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणे ही खूण तेवढी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खाटेजवळच करता येणाऱ्या प्राथमिक तपासणीला मोठी यंत्रे लागत नाहीत. ती प्रत्येक रुग्णालयात तोंडाने काहीही देण्यापूर्वी व्हावी, तीत शंका आल्यास रुग्णाला गिळण्याच्या तज्ज्ञाकडे पाठवावे आणि घरी सोडताना अन्न किती घट्ट असावे, रुग्णाला कसे बसवावे, हे कागदावर मराठीत लिहून द्यावे, अशी आरोग्य विभागाला माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचा व गिळणे उपचारतज्ज्ञ, पुणे